साखरेतून आम्ल काढणारा औषधविक्रेता

रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले यांचा जन्म ९ डिसेंबर १७४२ रोजी, तेव्हा स्वीडनच्या अमलाखाली असलेल्या श्ट्रालझुंड येथे झाला. वयाच्या १४व्या वर्षी ते गोथेनबर्गच्या औषधालयात उमेदवारीस लागले. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना लाभले नाही. नायट्रिक आम्लात साखर तापवली असता तिचे ऑक्सिडीभवन होऊन ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक मिळतात, हे त्यांना आढळले. मात्र १७७६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले ते टॉर्बेर्न बेर्गमन यांच्या नावे. अंबुशीच्या कुळातील वनस्पतींचा आंबटपणा याच आम्लामुळे असतो, हे शेले यांनी १७८४ मध्ये सिद्ध केले. प्राणवायूही त्यांना प्रीस्टली यांच्या आधी गवसला होता. परंतु ग्रंथ १७७७ मध्ये निघाला आणि अग्रमान हुकला. रसायने हुंगून व चाखून पाहण्याची त्यांची सवय प्रकृतीस भोवली असावी. २१ मे १७८६ रोजी च्योपिंग येथे अवघ्या ४३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गंज काढण्यासाठी उपयोगी पडणारे हे आम्ल आजही कारखान्यांत ग्लुकोजच्या पाकावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवले जाते. ती वाट एका औषधविक्रेत्याने दाखवलेली आहे.