भीती घालवणाऱ्या डॉक्टरीणबाई

गेल्या चैत्रात माझी दाढ ठणकू लागली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. पण दातांच्या डॉक्टरांकडे जायचे म्हटले की माझे पाऊल उंबऱ्यातच अडे. शेवटी सूनबाईने हाताला धरून नेले. डॉक्टरांनी आधी हत्याराला हातच लावला नाही. आरसा माझ्या हाती देऊन किडलेली दाढ दाखविली, काय करणार ते समजावून सांगितले, आणि दुखले तर हात वर करा, मी लगेच थांबेन, असा शब्द दिला. माझी निम्मी भीती तेथेच सरली. घरी येताना मला डॉ. रखमाबाई आठवल्या.

भगिनींनो, रखमाबाई आपल्या मुंबईच्याच. जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न झाले. पण त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. १८८७ साली कोर्टाने नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. न समजत्या वयात लावून दिलेले लग्न मानण्यापेक्षा तुरुंग पत्करू, असे ही बावीस वर्षांची मुलगी म्हणाली! पुढे १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

कामा इस्पितळातील डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना डॉक्टरीकडे वळविले. रखमाबाई १८८९ साली विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. मायदेशी परतल्यावर थोडे दिवस कामा इस्पितळात काम करून त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या.

इस्पितळ होते, डॉक्टरीणबाई होत्या. पण बाळंतपणाला बायका येईनात. इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही, ही समजूत घट्ट बसलेली. रखमाबाई कुणावर रागावल्या नाहीत. सांगतात, की त्यांनी एक गाभण शेळी इस्पितळात आणवून तिची सुखरूप सुटका केली. मुकी शेळी पिलांसह धडधाकट बाहेर पडलेली पाहून बायकांना धीर आला, आणि एकेक गर्भवती पायरी चढू लागली.

स्वतःवर जबरदस्ती झालेल्या या बाईने रोग्यावर कधी जबरदस्ती केली नाही. त्यांच्या डॉक्टरीचे मर्म मला यातच दिसते. आधी भरवसा, मग औषध. सुरतेत त्यांनी वीसहून अधिक वर्षे काढली. १९१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या स्त्रियांच्या इस्पितळात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईतच त्यांनी डोळे मिटले.

माझी दाढ वाचली. पण दोन महिने आधी गेले असते, तर एवढी खोल कीड लागती ना! आपण बायका दुखणे पदराआड लपवितो. कधी कामाचे निमित्त, कधी पैशाचे, आणि खरे कारण भीती. मंडळाच्या या वर्धापनदिनी माझी एवढीच विनंती, की शेजारीण घाबरत असेल तर तिला नुसता उपदेश करू नका. तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा.