आखाड्याचा दोर

मागच्या सुट्टीहून परतलेल्या एका कॅडेटने ट्रंकेतून नवाकोरा दोर काढला. वडिलांनी वाढदिवसाला घेऊन दिलेला, निळा, अजून गुंडाळीही न सोडलेला. क्लाइंबिंग वॉलवर हाच दोर लावू द्या, असा त्याचा हट्ट. मी नकार दिला. आमचा नियम साधा आहे: बूट आणि हार्नेस आपले चालतील, दोर मात्र वॉलचाच. पोराचा चेहरा पडला. वॉलचा दोर जुना आणि मळका, त्याचा नवा आणि महागडा. मग उस्ताद नाही का म्हणतात, हे त्याला कळेना.

त्याला मी नियमाची पाटी दाखवली नाही. बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो.

बाळंभटदादा हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरचे मल्ल. पेशव्यांची कारकीर्द १७९६ ते १८१८. तालमींत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती हकिगत अशी: निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान दिले. त्यांच्या देहाकडे पाहून कोणी पुढे होईना. तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी विडा उचलला आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. ते नाशिकजवळच्या वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले. तिथे मारुतीने दृष्टांत देऊन लाकडी खांबावरचे डाव शिकवले, अशी श्रद्धा आहे. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली.

दृष्टांताचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने घ्यावा. खांबावरची मेहनत मात्र नवी नव्हती. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. मधल्या काळात मागे पडलेली ही विद्या बाळंभटदादांनी पुन्हा उभी केली. जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत गेलेला, एरंडेल तेल लावलेला खांब हा त्यांनी मल्लाचा जोडीदार केला. खांब थकत नाही आणि चूक झाली तर माफही करत नाही.

मग १८१८ साल उजाडले. पेशवाई बुडाली. इंग्रजांनी बाजीरावांना सालाना आठ लाखांचे पेन्शन देऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला ठेवले. ज्या दरबारात नाव झाले तो दरबारच उरला नाही. असा माणूस जुन्या वैभवाच्या आठवणी काढत बसला असता तरी कोणी दोष दिला नसता. बाळंभटदादांनी गंगाकाठची काशी गाठली. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या भागात मराठी घरांची वस्ती होती. त्या नगरीत कोंडभटनाना गोडबोले यांच्या साथीने त्यांनी आखाडा उभा केला. दामोदरगुरू मोघे यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली घडले आणि ही विद्या पुढे गावोगाव गेली. राज्य गेले, पण राज्याच्या पदरी वाढलेली एक विद्या अशी वाचली.

आता दोराकडे येतो. प्रत्येक ठिकाणी चांगल्या लाकडाचा खांब मिळत नाही. म्हणून या परंपरेत टांगलेल्या वेतावर कसरती होऊ लागल्या. पुढे हवा तसा लांब आणि मजबूत वेत मिळेनासा झाला, तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला. हाच आजचा दोरीचा मल्लखांब. दोराला एकही गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरून खेळाडू वर चढतो. साधन बदलायला आखाड्याने कधी ना म्हटले नाही. पण बदल करायचा तो गुरूने, पारखून. शिष्याने आणायचे ते फक्त अंग आणि लंगोट.

सैन्यात असताना माझी काही काळ वाराणसीच्या छावणीत नेमणूक होती. रविवारी मी घाटांमागच्या गल्ल्यांतले आखाडे पाहत हिंडायचो. एका आखाड्यात पहाटे पोरे दोराभोवती जमली होती, पण कोणी हात लावत नव्हते. वृद्ध गुरुजी आले. त्यांनी दोर वरपासून खालपर्यंत तळहातातून फिरवला, मग स्वतः त्याला लोंबकळून दोन झटके दिले. त्यानंतर पहिले पोर चढले. मी तिथेच खाली बसलो, कारण मला माझ्या गावची तालीम आठवली.

मी सोळा वर्षांचा होतो. बाहेरचा दोर तालमीत आणायचा नाही, असा वस्तादांचा दंडक होता. ते परगावी गेल्याचे पाहून मी आमच्या विहिरीवरचा सोल आणून आढ्याला बांधला. वरून तो धडधाकट दिसत होता; पाण्याने आतून कुजला होता. पहिला मान मी माझ्या दोस्ताला दिला. तो अर्ध्यावर गेला आणि सोल तुटला. त्याचे मनगट मोडले, ते वाकडेच सांधले. आम्ही दोघे एकाच भरतीची तयारी करत होतो. मी भरती झालो. त्याने मला कधी बोल लावला नाही, हेच मला जास्त लागते.

वॉलवरच्या नायलॉनच्या दोराचेही तसेच आहे. पडणाऱ्याचा हिसका तो ताणून सोसतो आणि दर हिसक्यागणिक थोडा थकतो. आम्लाचा किंवा कडक उन्हाचा परिणाम डोळ्यांना दिसेलच असे नाही. दोर वर जाऊन परत खाली येतो, म्हणून तो वॉलच्या उंचीच्या दुपटीहून लांब लागतो. आखूड पडला तर उतरताना टोक निसटते. वॉलच्या मळक्या दोराची खरेदीची तारीख, तपासणी, बसलेले हिसके सगळे माझ्या वहीत आहे. नव्या दोराचा इतिहास मला ठाऊक नाही. वर चढणाऱ्याच्या जिवाचा जाब ज्याला द्यायचा आहे, दोर त्याच्या ओळखीचा हवा.

पालकांनाही हीच विनंती: मुलांना बूट जरूर घ्या, दोर आमच्यावर सोडा.

त्या कॅडेटचा निळा दोर आता गाठी शिकवायच्या तासाला कामी येतो. दोराची वही तोच लिहितो. रोज पहाटे पहिला मी चढतो, तो खाली उभा राहून तारीख टाकतो, मग बाकीची रांग पुढे सरकते.