कै. डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

कोयनेचें पाणी आज सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून उतरतें, वीज निर्माण करतें आणि अलोरे परिसरांतून वाशिष्ठीस मिळतें. ह्याच कोयनेनें एका कोंकणपुत्रास कीर्ति मिळवून दिली. त्यांचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

आघारकरांचा जन्म १८८४ सालीं तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील मालवण येथें झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते तेथेंच जीवशास्त्र शिकवूं लागले. सह्याद्रींत हिंडून वनस्पति व प्राणी गोळा करण्याचा त्यांस ध्यास होता. घाटमाथ्यावरील कोयना व वेण्णा ह्या नद्यांत त्यांस एक चिमुकला जेलीफिश सांपडला. जेलीफिश म्हटला कीं तो समुद्रांतला, अशी आपली समजूत. हा तर गोड्या पाण्यांत पोहत होता!

परंतु नवा प्राणी सांपडला म्हणजे काम संपत नाहीं. त्याची कुळी शोधावी लागते. शास्त्रज्ञ केवळ रंगावरून वा वसतिस्थानावरून प्राण्यांचे गट पाडीत नाहींत. शरीररचनेंतील साम्य पाहतात. जवळच्या जातींचा वंश, वंशांचें कुल, कुलांचा गण, गणांचा वर्ग व वर्गांचा संघ, अशी ही चढती मांडणी असते. स्वीडनच्या लिनियसनें अठराव्या शतकांत रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणें प्रत्येक जातीचें नांव दोन शब्दांचें असतें. त्यांत आडनांवासारखें वंशाचें नांव आधीं येतें.

कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील डॉ. अ‍ॅनंडेल यांनीं हा प्राणी तपासला, तेव्हां तो आफ्रिकेंतील टांगानिका सरोवराच्या जेलीफिशचा भाऊबंद निघाला! १९११ सालीं त्यास लिम्नोक्निडा इंडिका हें नांव मिळालें. जो वंश तोंवर आफ्रिकेंतच ठाऊक होता, तो सह्याद्रींतही नांदत होता. खंड निराळे, पण कुळी एक.

पुढें कलकत्ता विद्यापीठानें आघारकरांस वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमिलें. अधिक अध्ययनासाठीं ते जर्मनीस गेले, तों १९१४ चें महायुद्ध पेटलें आणि ते शत्रुपक्षाचे प्रजाजन म्हणून स्थानबद्ध झाले. तरी त्यांनीं अभ्यास सोडला नाहीं. सुटकेनंतर वायव्य हिंदुस्थानच्या रुक्ष प्रदेशांतील वनस्पतींचा प्रसार कसा होतो, ह्यावर प्रबंध लिहून त्यांनीं बर्लिन येथें डॉक्टरेट मिळविली.

१९४६ सालीं कलकत्त्याहून निवृत्त झाल्यावर विश्रांति न घेतां त्यांनीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीची धुरा उचलली. १९६० सालीं ते निवर्तले. त्यांनीं वाढविलेली ती संस्था १९९२ पासून आघारकरांच्याच नांवानें ओळखली जाते.

विद्यार्थिमित्रहो, वाशिष्ठीच्या कांठचें एखादें रोप वा कीटक दिसल्यास नुसतें नांव विचारून थांबूं नका; त्याचे सोयरे कोण, हेंही शोधा.