लाख सुनांच्या सासूबाई : कमलाबाई ओगले

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे येतीलच. त्यांत एखादी चुलीपुढची बाईही असावी असे मला वाटले, म्हणून कमलाबाई ओगले यांच्याविषयी चार शब्द लिहिते. 'रुचिरा' हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. पण ते लिहिणारी बाई कोण, हे फारशा कोणी विचारीत नाही.

कमलाबाईंचा जन्म १९१३ साली कुंडल या गावी झाला. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीच्या शेजारी आहे. शिक्षण म्हणाल तर मराठी चौथीपर्यंत. मी सातवी झालेली, म्हणजे शाळेच्या हिशेबाने त्यांच्याहून तीन यत्ता पुढेच! पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या ओगल्यांच्या घरी सांगलीला आल्या. माहेरी स्वयंपाक असा फार येत नव्हता. तो शिकविला सासूबाईंनी. चार-पाच वर्षांत ही सून घरादारात सुगरण म्हणून नावाजली गेली.

इथपर्यंत नवल काही नाही. अशा सुगरणी गावोगाव होत्या आणि आहेत. पण सुगरणीची विद्या तिच्या हातात असते. मीठ किती, तर चिमूटभर. पाणी किती, तर अंदाजाने. सासूच्या शेजारी उभे राहून दहा वर्षे पाहील तिलाच तो अंदाज येणार. माझ्या सासूबाई करंजीचे सारण असे करीत की दिवाळीला शेजारच्या आळीतून बायका चव घ्यायला येत. त्या गेल्या आणि ते सारणही गेले. कोणाचा दोष नाही, रीतच तशी होती. गंमत अशी की भात विकताना पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे असे सारे मोजून देणाऱ्या आपल्या आज्या भांड्यात मात्र मूठ घालीत. आपल्या राजूरचा पेढा गावोगाव जातो, पण हलवायाला खवा-साखर वजन करूनच घ्यावी लागते. घरच्या बाईनेच का मोजू नये?

कमलाबाईंनी ते मोजले. सांगलीत त्या स्वयंपाकाचे वर्ग घेत. शिकायला येणाऱ्या मुली नवशिक्या. त्यांना अंदाज सांगून काय उपयोग? म्हणून त्यांनी वाटी आणि चमचा धरला. तराजू सर्वांच्या घरी नसतो, वाटी असतेच. आणि वाटी लहान असो की मोठी, एकाच वाटीने सारे जिन्नस घेतले की प्रमाण चुकत नाही.

'रुचिरा' १९७० साली किर्लोस्कर मंडळींनी प्रसिद्ध केले. त्या वेळी कमलाबाईंचे वय सत्तावन्नच्या आसपास. ज्या वयात आपण सुनेच्या हाती किल्ल्या देतो, त्या वयात त्यांचे पहिले पुस्तक आले! चटणी-कोशिंबिरीपासून पक्वान्नांपर्यंत सारे त्यात होते. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, इंग्रजीतही ते गेले. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला बिऱ्हाड केलेल्या, परदेशी गेलेल्या किती मुलींच्या सामानात ते आईने घातले असेल! त्यांच्याजवळ सासू नव्हती, विचारायला शेजारीण नव्हती. त्यावरूनच कमलाबाईंना लाख सुनांच्या सासूबाई हे नाव पडले.

एक सांगितले पाहिजे. आपल्या डांगाणातली नाचणी, वरई, पावसाळ्यातल्या रानभाज्या यांसाठी ते पुस्तक लिहिलेले नाही. ते सांगलीकडच्या पांढरपेशा घराचा स्वयंपाक सांगते. आपले आपणच मोजून लिहावे लागेल. कामाला ते फार नाही.

सकाळच्या एस. टी. ला जाणारी माणसे, शाळेची मुले आणि बांधावरची न्याहारी, एवढे ज्या घरात एकदम असते तिथे मोजमापाने वेळ वाचतो. आमच्याकडे गोडाचा शिरा असा होतो : एक वाटी जाड रवा अर्ध्या वाटी तुपावर मंद आचेवर तांबूस भाजायचा. मग दोन वाट्या उकळते पाणी घालून झाकण ठेवायचे. रवा फुलला की पाऊण वाटी साखर. साखर आधी घालू नये, रवा कचकचीत राहतो. वर वेलची. मी घरात नसले तर माझा धाकटाही हा शिरा करतो, कारण भिंतीवर कागद लावलेला आहे.

कमलाबाई १९९९ साली वारल्या. त्यांचे पुस्तक अजून निघते आहे. पुढच्या हळदीकुंकवाला जी भगिनी जो पदार्थ आणील, तिने त्याचे वाट्या-चमच्यांचे प्रमाण चिठ्ठीवर लिहून आणावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे. लिहिता येत नसेल तिने मला सांगावे, मी लिहून घेईन.