विधवांना नर्सिंगची वाट दाखवणाऱ्या रमाबाई रानडे

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. पण याच शहरात गल्लोगल्ली छोटे दवाखानेही आहेत. अशा दवाखान्यात केसपेपर काढणारी, बीपी मोजणारी, ड्रेसिंगला मदत करणारी एखादी मुलगी असते. पेशंट तिला सिस्टर म्हणतात, पण नर्सिंगचं शिक्षण तिने घेतलेलं नसतं. चार-दोन वर्षं गेली की पुढचा प्रश्न समोर येतो. एएनएम करायचं की जीएनएम? कॉलेज लांब असेल तर राहायचं कुठे? आणि घरचे पाठवतील का?

साधारण ११० वर्षांपूर्वी पुण्यातल्या काही बायकांपुढे हेच प्रश्न होते. फरक एवढाच की त्या विधवा होत्या, त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं आणि नर्स होणं हे चांगल्या घरातल्या बाईचं काम नाही असं तेव्हा मानलं जायचं. त्यांच्यासाठी वाट काढली ती रमाबाई रानडे यांनी.

लग्नानंतर गिरवलेली अक्षरं

‘उंच माझा झोका’ मालिकेमुळे रमाबाईंचं बालपण अनेकांना माहिती आहे. माहेर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांचं. १८७३ साली त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रमाबाई तेव्हा जेमतेम ११ वर्षांच्या, तर रानडे तिशी ओलांडलेले. त्यांची पहिली पत्नी वारली होती. सुधारक म्हणवणाऱ्या रानड्यांनी विधवेशी लग्न करावं अशी लोकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं चाललं नाही.

रमाबाईंना तेव्हा अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतः त्यांना शिकवायला घेतलं. आधी मराठी आणि नंतर इंग्रजी. पण घरातल्या मोठ्या बायकांना हे अजिबात पसंत नव्हतं. दिवसभर टोमणे खायचे, घरकाम करायचं आणि रात्री अभ्यास करायचा, असं बरीच वर्षं चाललं.

शिकायची इच्छा असली तरी घरातूनच कसा अडथळा येतो, हे त्यांनी असं स्वतः भोगलं होतं. पुढे सेवासदन उभं करताना हाच अनुभव कामी आला.

रानडे गेल्यानंतर

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचं निधन झालं. रमाबाई मुंबईहून पुण्याच्या जुन्या घरी आल्या आणि जवळपास वर्षभर लोकांपासून दूरच राहिल्या. विधवेने कोपऱ्यात बसावं हा तेव्हाचा नियमच होता.

त्यानंतर मात्र त्या बाहेर पडल्या. तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला जायच्या. हॉस्पिटलमधल्या बायकांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन द्यायच्या. रुग्ण बायकांच्या उशाशी शिकलेली, आपली भाषा बोलणारी बाई असणं किती गरजेचं आहे, हे दिसायला यापेक्षा चांगली जागा नव्हती.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे दोघं एक कल्पना घेऊन आले. स्त्रियांसाठी एक संस्था काढायची आणि तिथे भारतीय स्त्रियांना नर्सिंगचं शिक्षणही द्यायचं. त्यातून मुंबईचं सेवासदन सुरू झालं. १९०९ मध्ये भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने पुण्याचं सेवासदन निघालं. सुरुवातीचे वर्ग रमाबाईंच्या राहत्या घरातच भरायचे.

अडचण कोर्सची नव्हतीच

पुण्यात ससून हॉस्पिटल होतं, त्यामुळे नर्सिंग शिकायला जागा होती. पण तिथपर्यंत पोहोचणार कोण? परक्या पुरुषांना हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रुग्णाचं अंथरूण बदलायचं, रात्रपाळी करायची, हे ऐकूनच घरचे दार लावून घ्यायचे.

या अडचणीवर नुसतं भाषण देऊन उपयोग नव्हता. सेवासदनने एकेक पायरी बांधली. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी आधी साक्षरतेचे वर्ग. त्या तयार झाल्या की नर्सिंगचं प्रशिक्षण. शिकाऊ नर्सेससाठी वेगळं वसतिगृह. आणि ज्यांना त्याही पुढे जाऊन डॉक्टरी शिकायची होती, त्यांच्यासाठी आणखी एक वसतिगृह.

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी वसतिगृहाची. मुलगी कुठे राहते, कोणाच्या देखरेखीखाली राहते, या प्रश्नाला घरच्यांना उत्तर मिळालं. न्यायमूर्तींच्या पत्नी स्वतः जबाबदारी घेतायत म्हटल्यावर लोकांना नाही म्हणणं अवघड जायचं. त्या स्वतः विधवा होत्या, हेही लोक पाहत होते.

भिवंडीच्या शेजारच्याच कल्याणशी नातं असलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांचं यश मोठं होतं, पण समुद्रापार जाणं सगळ्यांना शक्य नव्हतं. रमाबाईंनी घराजवळचा आणि लवकर कमाई देणारा मार्ग निवडला. उद्या दोन पैसे हातात आले तर विधवेला दीर-भावजयीच्या दारात पडून राहावं लागणार नव्हतं.

१९१५ मध्ये पुणे सेवासदनची संस्था म्हणून रीतसर नोंदणी झाली. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा तिथे हजाराच्या वर स्त्रिया शिकत होत्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्ट खात्याने तिकीट काढलं.

आजच्या पायऱ्या कोणत्या?

आता पुन्हा दवाखान्यातल्या त्या मुलीकडे येऊ. दवाखान्यातला अनुभव कामाचा असतो, पण तो कोर्सची जागा घेत नाही. सहा महिन्यांचं असिस्टंटचं सर्टिफिकेट घेऊनही नर्स म्हणून नोंदणी होत नाही.

एएनएम हा बारावीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स आहे. जीएनएम तीन वर्षांचा असून तो सायन्सशिवायही करता येतो. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आणि त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. एएनएमवर थांबावंच लागतं असं नाही, कारण नोंदणी झालेल्या एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं.

म्हणून कॉलेज निवडताना फी आणि अंतर बघाच, पण त्याआधी मान्यता तपासा. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद, म्हणजेच नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलमध्ये होतं? होस्टेल आहे का?

रमाबाईंनी शिकवण्या, ससून आणि वसतिगृह यांची जी साखळी जोडली, ती याच प्रश्नांची उत्तरं होती. तेव्हा ही उत्तरं त्यांना शून्यातून उभी करावी लागली. आज ती फॉर्म भरायच्या आधी विचारली, तरी पुष्कळ आहे.