सोवळ्यातलं बालपण

नेऱ्याला आमच्या बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा असते. हप्त्यांचा हिशेब झाला की चहा होतो आणि चहाबरोबर मी काहीतरी वाचून दाखवते. मागच्या महिन्यात लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ नेलं होतं. सोवळ्याचं प्रकरण सुरू झालं आणि बायका हसून हसून लोळल्या. घरी आल्यावर मात्र मला ते हसू टोचत राहिलं. आपण हसलो ते एका लहान मुलीच्या हालांना की काय, असं वाटलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर जावयाच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने एकदम वेगळंच वळण घेतलं. त्यांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. कुणाचा स्पर्श होईल, कुणाची सावली पडेल, याची भीती दिवसभर. घरातल्या बायकांचा जन्म धुण्यात आणि पोरींचा जन्म धाक पाळण्यात. आज असा माणूस असता तर आपण त्याला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं असतं. पुस्तकावरून आजाराचं नाव ठरवणं माझं काम नाही, पण तो दोष त्या माणसाचा नव्हता आणि त्याचा भार मात्र मुलांनी उचलला, एवढं नक्की. त्या काळी त्याला धर्म म्हणत, म्हणून कुणी बोलायचंही नाही.

अकराव्या वर्षी लग्न झालं, नारायण वामन टिळकांशी. आता सासरचं ऐका. सासरे वामनराव नोकरी करणारे, पण अतिशय तापट. टिळक लहान असतानाच त्यांची आई जानकीबाई गेली, आणि तीसुद्धा नवऱ्याने रागात मारलेल्या लाथेमुळे. मुलगा दहा-बारा वर्षांचा. पुढे हा मुलगा घर सोडून निघाला आणि आयुष्यभर कुठे फार टिकला नाही. टिळक मोठे कवी, मोठे मनाचे, हातातलं दुसऱ्याला देऊन टाकणारे. पण रागही तसाच आणि न सांगता निघून जाण्याची सवयही. मला कायम वाटतं, आईला तशी मरताना पाहिलेला मुलगा घरात कसा शांत बसणार? लक्ष्मीबाईंनी या सगळ्याचा हिशेब मांडलेला नाही. नवऱ्यावर प्रेमही केलं आणि त्याची खोडही सांगितली. तेच मला पटतं. आमच्या मावशा एक तर नवऱ्याला देव करत किंवा राक्षस!

त्यांची पहिली मुलं वाचली नाहीत. १८९१ ला दत्तूचा जन्म झाला. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई कोसळल्या, आजारी पडल्या आणि दत्तूला घेऊन काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे पुन्हा नवऱ्याकडे आल्या, १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. धर्माबद्दल मी इथे काही बोलत नाही. मला नवल वाटतं ते याचं, की ज्या पोरीच्या माहेरी जिन्नस धुऊन घ्यायचे, तिने पुढे कुणाच्याही हातचं पाणी प्यायलं आणि घर पोरक्या मुलांनी भरलं. बापाची भीती तिच्यापुढे जाऊ शकली नाही.

मी नेऱ्याच्या शांतिवनातही अधूनमधून जाते. कुष्ठरोग निवारण समितीचं काम तिथे चालतं. हा रोग आता औषधाने पूर्ण बरा होतो आणि २०१९ च्या कायद्याने तो घटस्फोटाचं कारण राहिलेला नाही. तरी स्पर्शाची भीती घराघरांत आहे. रोग एकाला होतो आणि मुलीचं लग्न अडतं, भावाचा निरोप थांबतो. जलालपूरच्या त्या घरात काय चाललं होतं, ते मला तिथे समजलं.

एक सांगायचं राहिलं. माझ्याही लहानपणी आमच्याकडे एक माणूस दारू पिऊन यायचा. नाव घेत नाही, नात्यातला होता. आम्ही बहिणी चपलांच्या आवाजावरून रात्र कशी जाणार ते ओळखायचो. आज चपला वाजल्या की माझी बहीण अजूनही दाराकडे बघते, पन्नाशीला आली तरी. त्या वेळी १८१ आणि १०९८ असे नंबर नव्हते. आता आहेत, मैत्रिणींनो. आणि घरातल्या माणसाच्या मनाचं दुखणं असेल, तर १४४१६ वर फोन करता येतो.

टिळक १९१९ ला गेले. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी अपुरं ठेवलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. फारसं शिक्षण नाही, लिहायला-वाचायला नवऱ्याने शिकवलेलं. दत्तूच्या आग्रहाने वडिलांच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि त्यात स्वतःचंच आयुष्य उतरलं. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून निघू लागले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या, शेवटचा भाग त्यांच्यानंतर आला.

त्या बैठकीत एक जण हसत नव्हती. कप धुता धुता तिने हळूच पुस्तक घरी न्यायला मागितलं. मी दिलं. अजून परत आलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही.