इब्न बतूता आणि कवडीचे मोल



एखादी वस्तू अगदी स्वस्तात गेली, की ती कवडीमोलाने गेली असे आपण म्हणतो. पण कवडीचे मोल सगळीकडे सारखेच असते काय? सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी एका मुसाफिराने दोन दूरच्या मुलुखांतील कवडीचा भाव नोंदवून ठेवला आहे. त्याचे नाव इब्न बतूता. इतिहासाच्या पुस्तकात महंमद तुघलकाच्या धड्यात तो तुम्हाला भेटतो आणि तेथेच संपतो. माझ्या मते त्याची खरी जागा भूगोलाच्या तासाला आहे.

मोरोक्को देशातील तंजा (टँजियर) या बंदरात २४ फेब्रुवारी १३०४ रोजी त्याचा जन्म झाला. घराणे काजींचे. त्यालाही फिक्हचे, म्हणजे इस्लामी कायद्याचे शिक्षण मिळाले. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजसाठी एकटाच घराबाहेर पडला. आईवडील हयात होते. त्यांना सोडून जाताना त्याला फार जड गेले; पण एकदा निघालेला हा तरुण परतला तो चोवीस वर्षांनी! मिसर, शाम, मक्का, इराक, इराण, पूर्व आफ्रिकेचा किनारा, तुर्कस्तान, मध्य आशियातील गवताळ प्रदेश एवढे सारे पाहून तो हिंदुस्थानात आला. वाटेत त्याला उपयोगी पडले ते त्याचे शिक्षण. जेथे जाईल तेथे आलिमांची ओळख निघे, आणि राहण्याजेवण्याची सोय होई.

दिल्लीत तुघलकाने त्याला वर्षाला बारा हजार दिनार पगारावर काजी नेमले. तरीही त्याच्यावर पंचावन्न हजार दिनारांचे कर्ज झाले आणि ते फेडण्यासाठी सुलतानापुढे हात पसरावा लागला. हिशेबाच्या बाबतीत मात्र कोणी त्याचा कित्ता गिरवू नये.

पुढे सुलतानाने त्याला वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे पाठवले. अलीगडजवळ तो लुटला गेला, कसाबसा वाचला, आणि दक्षिणेकडे उतरत दौलताबादला आला. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, जवाहिरांचा व्यापार करणारे श्रीमंत सावकार तेथे आहेत, हे त्याने टिपले. नंदुरबारची नोंद तर मोठी गमतीची आहे. तेथील मराठे कारागिरीत हुशार, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारे; तेथील लोकांचे अन्न भात, भाजी आणि तिळाचे तेल; जेवणाआधी आंघोळ करण्याचा कडक नियम. मित्रांनो, मानवी भूगोल म्हणजे आणखी काय असते? लोक काय पिकवतात, काय खातात, कशावर पोट भरतात, हेच ना?

खंबायतहून जहाजाने तो किनाऱ्याकिनाऱ्याने होनावरला गेला. गोव्याच्या खाली, आजच्या कर्नाटकात हे बंदर आहे. तेथे मुलांसाठी २३ आणि मुलींसाठी १३ मदरसे त्याने पाहिले. तेथील बायकांना कुराण मुखोद्गत होते. असे आपण दुसरीकडे कोठेही पाहिले नाही, अशी कबुली अर्धे जग पाहिलेला हा माणूस देतो. दहावी झाली, आता मुलीने घरी बसावे, असे सांगायला काही पालक माझ्याकडे येतात, तेव्हा मला होनावरचे ते १३ मदरसे आठवतात. ही चौदाव्या शतकातली गोष्ट आहे, आणि ती आपल्याच किनाऱ्यावरची आहे.

कालिकतला वादळात जहाजे फुटली, बादशहासाठी नेलेला नजराणा समुद्रात गेला. दिल्लीला कोणत्या तोंडाने परतावे? भटकत तो मालदीव बेटांवर गेला. तेथे राज्य खदीजा नावाच्या राणीचे होते. तेथेही तो काजी झाला. बायकांच्या पेहरावाबद्दल त्याने हुकूम काढून पाहिले, पण त्याचे कोणी ऐकले नाही!

या बेटांवर भात पिकत नाही. मग लोक जगतात कसे? मासे, नारळ, काथ्या आणि कवड्या यांवर. काथ्याच्या दोरीने जहाजांच्या फळ्या शिवल्या जात. समुद्रातून काढलेल्या कवड्या बंगालला जात, कारण तेथे त्या नाणे म्हणून चालत, आणि बदल्यात बंगालचा तांदूळ येई. मालदीवमध्ये एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी कधी बारा लाखसुद्धा.

नंतर श्रीलंका, बंगाल आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे चीनपर्यंत जाऊन तो मागे वळला. (चीनच्या वर्णनाबद्दल काही अभ्यासक शंका घेतात.) १३४८ साली दमास्कसमध्ये त्याला कळले, की वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारले. त्या वर्षी प्लेगने शहरेच्या शहरे ओस पडत होती. १३४९ साली घराच्या वाटेवर असतानाच दुसरी खबर आली: आईही प्लेगने गेली. तंजाला पोचल्यावर त्याने तिच्या कबरीची जियारत केली.

तरी पाय थांबले नाहीत. १३५२ साली उंटांच्या तांड्याबरोबर तो सहारा ओलांडायला निघाला. वाटेत तगाझा नावाचे गाव लागले. तेथील घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची, छपरे उंटाच्या कातड्याची. झाड नाही, धान्य नाही. मीठ खणणारे सारे गुलाम. स्वतः गुलाम बाळगणाऱ्या या प्रवाशाला त्यात वावगे वाटले नाही, हेही सांगितले पाहिजे. येथील उंटभर मीठ वालाता गावी आठ ते दहा मिस्काल सोन्याला विकले जाई, आणि तेच आणखी दक्षिणेला मालीच्या राजधानीत वीस ते तीस, कधी चाळीस मिस्कालला.

आणि त्याच मालीत व नायजर नदीकाठच्या गाओ शहरात बाजारचे नाणे कोणते होते? कवडी! येथे एका दिनाराला फक्त ११५० कवड्या मिळत. मालदीवच्या चार लाखांशी ताडून पाहा: जवळजवळ साडेतीनशे पट फरक.

१३५५ साली मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला सारा प्रवास इब्न जुझय या लेखकाला सांगितला आणि ग्रंथ तयार झाला. त्यानंतर तो मोरोक्कोतच काजी म्हणून राहिला.

आता घरी गेल्यावर नकाशाचे पुस्तक उघडा. माले आणि गाओ ही दोन ठिकाणे शोधा, आणि समुद्रावर जहाजाने व वाळवंटात उंटाने कवडी एकीकडून दुसरीकडे कशी गेली असेल, तो रस्ता पेन्सिलने काढून पाहा.